साठ सेकंदांचे तीस कसे झाले? ('मेक'चे पर्याय आणि व्हेरिएबलच्या व्याख्या)

'मेक' हा शब्द आपण सगळ्यांनीच लॅबमध्ये ऐकलेला असतो. सर सांगतात, "मेक टाइप करा आणि एंटर मारा." आपण मारतो, पडद्यावर चार ओळी सरकतात, हेक्स फाइल तयार होते आणि प्रॅक्टिकल संपतं. त्या चार ओळींत काय लिहिलं होतं हे कोणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो. माझा प्रोजेक्ट कुहीच्या शेतात मोठ्या बाबांच्या मनगटी घड्याळासमोर नापास झाला, तेव्हापासून वाचायला लागलो. तीच गोष्ट सांगतो आणि त्या निमित्ताने मेकची थोडी ओळखही करून देतो.

(एक सूचना : आपल्या अंकाच्या सोयीसाठी सगळ्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर टाइप करताना त्या उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप कराव्यात. मेकच्या पर्यायांच्या यादीत जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. व्हेरिएबलची नावं मात्र सगळीच कॅपिटलमध्ये समजावीत.)

घडलं काय?

आमच्या भागात शेतीची लाइन वेळापत्रकाने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री उठून कोण जाणार, म्हणून पंपाला ऑटोस्विच लावलेला असतो. पण लाइन आली की शिवारातले सगळे ऑटोस्विच एकाच क्षणी पंप चालू करतात. व्होल्टेज खाली बसतं, डीपीवर ताण येतो आणि कोणाची तरी मोटार जळते. आमच्या ग्रुपने ठरवलं की लाइन आल्यावर साठ सेकंद थांबणारा, तिन्ही फेज तपासणारा आणि मगच रिले लावणारा स्टार्टर करायचा. एटमेगा ३२ हा मायक्रोकंट्रोलर घेतला. प्रोग्रॅमच्या तीन फाइली केल्या : मेन, टायमर आणि यूआर्ट. टायमरमध्ये एक सेकंद थांबण्याचं फंक्शन होतं. यूआर्टमधून लॅपटॉपवर उलटी मोजणी दिसायची : ६०, ५९, ५८...

बोर्डावर आधी ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता. तो खराब झाला. हाताशी १६ मेगाहर्ट्झचा होता, तोच लावला. आता चिपचा वेग बदलला, म्हणजे प्रोग्रॅमलाही ते सांगायला हवं. मेकफाइल उघडायचा कंटाळा केला आणि थेट असं लिहिलं :

मेक एफ_सीपीयू=१६००००००

उत्तर आलं की करण्यासारखं काही नाही, सगळं तयार आहे. आम्ही खूश. चिपमध्ये हेक्स भरली तर लॅपटॉपवर नुसता कचरा दिसायला लागला. मग यूआर्टची फाइल उघडली, एकदोन ओळी इकडेतिकडे केल्या, सेव्ह केली आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. या वेळी अक्षरं अगदी स्वच्छ आली. ६०, ५९, ५८ असे आकडे छान उतरत शून्यावर गेले आणि रिलेचा 'टक' आवाज आला. झालं काम!

रविवारी कुहीला गेलो. मोठे बाबा म्हणाले, पहिले मोटार नाही, बल्ब लावून दाखवा. लावला. आम्ही तिघं लॅपटॉपकडे बघत होतो आणि ते आपल्या घड्याळाकडे. बल्ब लागला तसे म्हणाले, "काहून रे बाबू, तुमचं यंत्र साठ म्हनते अन् माह्यं घड्याळ तीस म्हनते. कोनाचं खरं?"

पुन्हा केलं. पुन्हा तीसच. त्यांनी वायर काढून माझ्या हातात दिली. "मिरचीचं पाणी चाललं तरी चालन, पन याच्यावर मोटार नाही लावत मी."

ते बरोबरच बोलले होते. जे यंत्र साठ सांगून तीस मोजतं, त्याच्या फेज तपासणीवर तरी कोण विश्वास ठेवणार?

मेक नेमकं बघतो काय?

मेक हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लिहिला. त्यासाठी त्यांना २००३ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. मेकच्या जन्माची हकिगत फेल्डमन यांनीच सांगितली आहे. 'याक' लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन एक दिवस वैतागून त्यांच्या खोलीत आले. बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती. चूक त्यांनी दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायचीच राहिली होती. म्हणजे जुना माल नव्या मालात मिसळू नये यासाठीच मेकचा जन्म झाला. आणि आमच्याकडे मेक वापरूनच तो मिसळला!

असं का झालं? कारण मेक फक्त फाइलींची वेळ बघतो. टायमर.ओ ही फाइल टायमर.सी वर अवलंबून आहे असं नियमात लिहिलेलं असतं. टायमर.सी जास्त ताजी असेल तर मेक कंपाइल करतो, नाहीतर सोडून देतो. तुम्ही कमांड लाइनवर कोणती व्याख्या दिली, ती कालच्यापेक्षा वेगळी आहे का, याची नोंद तो कुठेही ठेवत नाही.

आता आमची चूक स्पष्ट होते. पहिल्यांदा एकही सी फाइल बदललेली नव्हती, म्हणून काहीच कंपाइल झालं नाही. दुसऱ्यांदा फक्त यूआर्ट बदलली होती, म्हणून तेवढीच १६ मेगाहर्ट्झने बनली. टायमर जुन्या ८ वरच राहिली.

गणित करून बघा. ९६०० बॉडसाठी यूबीआरआर रजिस्टरची किंमत = (वेग ÷ (१६ × ९६००)) − १. वेग ८० लाख धरला तर ५१ येते, १ कोटी ६० लाख धरला तर १०३. प्रत्यक्ष क्रिस्टल १६ चा असताना रजिस्टरमध्ये ५१ असेल तर बॉड रेट दुप्पट होतो, सुमारे १९,२००. म्हणून पहिल्यांदा कचरा दिसला. टायमरचंही तेच. ८० लाख ठोक्यांचा एक सेकंद धरणारं फंक्शन १६ च्या क्रिस्टलवर अर्ध्या सेकंदात संपतं. साठचे तीस होतात. कचरा दिसत होता तोपर्यंत निदान संशय तरी होता. अक्षरं सुधारली आणि संशयही गेला. अर्धी दुरुस्ती जास्त फसवी असते ती अशी.

कुहीच्या वाचकांना हे एका उदाहरणाने लगेच पटेल. आपल्या गावावरून जाणारी इतवारी–नागभीड नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. ते ७६२ मिलिमीटरवरून १६७६ मिलिमीटर करायचं. कागदावर हा एकच आकडा बदलतो. पण रूळ, स्लीपर, पूल, फलाट, डबे, इंजिन असं सगळं त्या एका आकड्यावर उभं असतं, म्हणून सगळंच नव्याने करावं लागतं. कोणी फक्त कुही स्टेशनातले रूळ रुंद केले आणि पुढचे तसेच ठेवले तर गाडी स्टेशनात दिमाखात उभी राहील, पण पुढे जाणार नाही. आमच्या प्रोजेक्टमध्ये यूआर्ट ब्रॉडगेज होती आणि टायमर नॅरोगेज.

व्हेरिएबल लिहिण्याच्या चार पद्धती

आमच्या मेकफाइलची सुरुवात साधारण अशी होती :

एमसीयू = एटमेगा३२
एफ_सीपीयू = ८००००००
सीफ्लॅग्स = -ओएस -एमएमसीयू=$(एमसीयू) -डीएफ_सीपीयू=$(एफ_सीपीयू)

डॉलर आणि कंसात नाव लिहिलं की तिथे त्या व्हेरिएबलची किंमत येते. व्याख्या मात्र चार प्रकारे करता येते.

१) नुसतं बरोबर (=). उजवी बाजू तेव्हाच सोडवली जात नाही, जशीच्या तशी लक्षात ठेवली जाते. व्हेरिएबल वापरलं जाईल त्या त्या वेळी ती नव्याने सोडवली जाते. म्हणून वरच्या उदाहरणात एफ_सीपीयूची ओळ सीफ्लॅग्सच्या खाली असती तरी चाललं असतं. पण 'सीफ्लॅग्स = $(सीफ्लॅग्स) -जी' असं लिहिलं तर ते स्वतःलाच शोधत बसतं आणि मेक चूक दाखवून थांबतो.

२) कोलन बरोबर (:=). उजवी बाजू त्याच ओळीवर, त्याच क्षणी, एकदाच सोडवली जाते. आपल्या सीसारखंच. संगणकाची तारीख-वेळ घ्यायची असेल तर हेच वापरावं. नुसतं बरोबर वापरलं तर दर वेळी नवी वेळ येईल.

३) प्रश्नचिन्ह बरोबर (?=). आधी कुठे व्याख्या झालेली नसेल तरच ही लागू होते. 'कोणी काही सांगितलं नसेल तर हे धरा' असा तिचा अर्थ.

४) अधिक बरोबर (+=). असलेल्या किमतीच्या शेवटी भर घालायची.

एक बारीक खोच सांगतो. व्याख्येच्या ओळीतच शेवटी टीप लिहिली, तर किंमत आणि टीप यांच्यामधली मोकळी जागाही किमतीत धरली जाते. फोल्डरच्या नावात अशी जागा आली की भलतंच होतं. म्हणून टीप नेहमी वरच्या ओळीत लिहावी.

एकाच नावाच्या अनेक व्याख्या : कोणाचं चालतं?

घरात जसं कोणाच्या शब्दावर कोणाचा शब्द चालतो हे ठरलेलं असतं, तसंच इथेही आहे. दुबळ्यापासून बलवानापर्यंत क्रम असा :

• मेकच्या पोटातली मूळ व्याख्या (उदा. सीसी म्हणजे संगणकावरचा नेहमीचा कंपायलर)
• शेलच्या एन्व्हायर्नमेंटमधून आलेली व्याख्या
• मेकफाइलमध्ये लिहिलेली व्याख्या
• कमांड लाइनवर दिलेली व्याख्या
• मेकफाइलमध्ये 'ओव्हरराइड' हा शब्द लावून लिहिलेली व्याख्या

-ई हा पर्याय दिला तर एन्व्हायर्नमेंट मेकफाइलच्या वर जाते. हा पर्याय शक्यतो वापरू नये. दुसऱ्याच्या संगणकावर कोणती एन्व्हायर्नमेंट असेल ते आपल्याला कुठे माहीत असतं?

कमांड लाइनचा शब्द मेकफाइलच्या वर चालतो, यातच एक सापळा आहे. समजा डीबगिंगसाठी तुम्ही लिहिलं :

मेक सीफ्लॅग्स=-जी

तुम्हाला वाटतं की -जीची भर पडली. प्रत्यक्षात फाइलमधली सीफ्लॅग्सची अख्खी व्याख्या बाजूला पडते. खाली अधिक-बरोबरने काही जोडलेलं असेल तर तेही दुर्लक्षित होतं. आमच्या बाबतीत चिपचं नाव आणि एफ_सीपीयू दोन्ही गेले असते. चिपचं नाव गेलं की कंपायलर बहुधा आरडाओरडा करतो. पण फक्त एफ_सीपीयू हरवलं तर एव्हीआरची डिले हेडर फाइल एक इशारा छापते आणि वेग १० लाख धरून पुढे जाते! १६ मेगाहर्ट्झच्या बोर्डावर मग साठ सेकंदांचे पावणेचारच होतील. तो इशारा वाचला नाही तर मोटारीचं काय होईल ते सांगायला नको.

यावर चांगला रिवाज असा : वापरणाऱ्याने बदलायचं ते एका व्हेरिएबलमध्ये आणि प्रोजेक्टला लागतंच ते दुसऱ्यात ठेवावं.

सीफ्लॅग्स = -ओएस
सर्व_फ्लॅग्स = -एमएमसीयू=$(एमसीयू) -डीएफ_सीपीयू=$(एफ_सीपीयू) $(सीफ्लॅग्स)

कंपायलरला सर्व_फ्लॅग्स द्यायचे. आता कोणी कमांड लाइनवर सीफ्लॅग्स बदललं तरी चिपचं नाव आणि वेग जागेवर राहतात.

कोणाची व्याख्या लागू झाली याबद्दल शंका असेल तर मेकलाच विचारा. मेकफाइलमध्ये $(इन्फो $(ओरिजिन एफ_सीपीयू)) अशी ओळ घाला. व्याख्या फाइलमधून आली, कमांड लाइनवरून आली की एन्व्हायर्नमेंटमधून, ते पडद्यावर छापून येतं.

प्रोजेक्टमध्ये उपफोल्डर असतील आणि त्यात आतला मेक चालत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कमांड लाइनवरच्या व्याख्या मेकफ्लॅग्स या व्हेरिएबलमार्फत आतल्या मेकपर्यंत आपोआप पोचतात. मेकफाइलमधल्या साध्या व्याख्या पोचत नाहीत. त्यासाठी 'एक्स्पोर्ट' लिहावं लागतं. आतला मेक नेहमी $(मेक) असाच बोलवावा.

रोज लागणारे पर्याय

-एन : काहीच करू नको, काय करणार आहेस ते फक्त छापून दाखव. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पर्याय हाच. त्या रात्री 'मेक -एन एफ_सीपीयू=१६००००००' केलं असतं तर फक्त यूआर्टची ओळ छापून आली असती आणि टायमरची ओळ कुठे गेली असा प्रश्न पडला असता. (ज्या ओळींत $(मेक) असतं किंवा सुरुवातीला अधिकचं चिन्ह असतं त्या मात्र -एन दिला तरी चालतात.)

-बी (कॅपिटल) : वेळ बघू नको, सगळं नव्याने बनव. व्याख्या बदलली की हा द्यावा.

-सी (कॅपिटल) : आधी अमुक फोल्डरमध्ये जा. -एफ : मेकफाइल म्हणून अमुक फाइल वाच.

-के : एक फाइल अडली तरी तिच्यावर अवलंबून नसलेल्या बाकीच्या बनव. -आय हा वेगळा पर्याय आहे. तो चुकांकडे सरळ दुर्लक्ष करतो, म्हणून जपून वापरावा.

-जे ४ : एका वेळी चार कामं चालव. आकडा विसरलात तर कामांना मर्यादाच राहत नाही आणि लॅबचा जुना संगणक गुडघे टेकतो.

-टी : काही न बनवता फाइलींची वेळ फक्त ताजी कर. म्हणजे जुन्या मालावर नवी तारीख! आमच्यासारखी चूक मुद्दाम करायची असेल तर हा उत्तम मार्ग आहे.

-पी : सगळे नियम आणि सगळी व्हेरिएबल्स छापून दाखव.

--वॉर्न-अनडिफाइन्ड-व्हेरिएबल्स : व्याख्या नसलेलं नाव वापरलं तर इशारा दे. एरवी मेक अशा नावाच्या जागी गुपचूप रिकामी जागा भरतो. 'क्लीन'च्या नियमात 'आरएम -आरएफ $(बिल्ड)/*' असं लिहिलं असेल आणि बिल्डच्या स्पेलिंगमध्ये चूक झाली, तर उरतं 'आरएम -आरएफ /*', म्हणजे संगणकाच्या मुळापासून सगळं पुसण्याची आज्ञा. पुसायच्या आज्ञेत व्हेरिएबल असेल तर आधी -एनने बघितल्याशिवाय एंटर मारू नका.

कायमचा उपाय

दर वेळी -बी द्यायचं लक्षात राहतंच असं नाही. म्हणून व्याख्येचीच एक फाइल करायची. मेकला फाइलची वेळ कळते ना, मग व्याख्या त्याला फाइलच्या रूपातच द्यायची :

फोर्स:
फ्लॅग्स.टीएक्सटी: फोर्स
(टॅब) एको '$(सर्व_फ्लॅग्स)' | सीएमपी -एस - $@ || एको '$(सर्व_फ्लॅग्स)' > $@
मेन.ओ टायमर.ओ यूआर्ट.ओ: फ्लॅग्स.टीएक्सटी

अर्थ सोपा आहे. 'फोर्स' नावाची फाइल कधीच नसते, म्हणून मधली ओळ दर वेळी चालते. ती आजचे फ्लॅग्स जुन्या फाइलशी ताडून बघते. सारखे असतील तर फाइलला हात लावत नाही. वेगळे असतील तरच नवे लिहिते. फाइलची वेळ बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या तिन्ही फाइली पुन्हा बनतात. लिनक्स कर्नलसारख्या प्रचंड प्रोजेक्टमध्येही हेच तत्त्व वापरतात. तिथे प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल कोणत्या आज्ञेने बनली ते शेजारच्या लपवलेल्या फाइलीत लिहून ठेवतात आणि आज्ञा बदलली की ती फाइल नव्याने बनवतात.

आम्ही या चार ओळी घातल्या. क्रिस्टलचा वेगही मेकफाइलमध्येच नीट लिहिला. पुढच्या रविवारी पुन्हा बल्ब लावला. या वेळी लॅपटॉप बंद ठेवला आणि आम्हीही मोठ्या बाबांच्या घड्याळाकडेच बघत बसलो. एकदा नाही, दहादा मोजलं. दर वेळी साठच भरले. ते काही बोलले नाहीत. उठले आणि मोटारीची वायर आणून दिली.

करून बघा

१) एफ_सीपीयूची किंमत मेकफाइलमध्येच बदलली आणि नुसतं 'मेक' केलं, तर सी फाइली पुन्हा कंपाइल होतील का? का? ऑब्जेक्ट फाइलींच्या नियमात मेकफाइलचंच नाव अवलंबित्व म्हणून लिहिलं तर काय फरक पडेल? कमांड लाइनवरच्या व्याख्येला तो उपाय पुरेल का?

२) मेकफाइलमध्ये 'एफ_सीपीयू ?= ८००००००' आहे आणि शेलमध्ये तेच नाव १६०००००० ला एक्स्पोर्ट केलं आहे. कोणाचं चालेल? प्रश्नचिन्ह काढून टाकलं तर?

३) आपल्या मागच्या प्रॅक्टिकलच्या फोल्डरमध्ये 'मेक -एन' द्या आणि छापून आलेली प्रत्येक ओळ शेजारच्या मित्राला समजावून सांगा. जी ओळ समजावता येणार नाही, तिथून अभ्यास सुरू करा.

आणि प्रोजेक्टमध्ये वेळ मोजायची असेल तर स्वतःच्याच यंत्राने छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. शेजारी एक साधं घड्याळ ठेवा.

— अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स विभाग